भावाच्या नावावरची जमीन

नम्रताबाई साळवी यांनी रत्नागिरीतल्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण त्यांची ओळख शाळेपेक्षा मे महिन्यातल्या शिबिरामुळे जास्त होती. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या चार-पाच कुटुंबांनी मिळून ते सुरू केलं होतं, त्याला अठरा वर्षं झाली होती. जयगडच्या रस्त्याला चिंतामणराव म्हणून एका बागायतदारांची आंब्याच्या कलमांची बाग होती. बागेच्या कडेची मोकळी जागा ते दर मे महिन्यात दहा दिवस शिबिराला देत. भाडं घेत नसत. शेवटच्या दिवशी मुलांनी कलमांखालचा पाचोळा गोळा करून द्यायचा, एवढंच. सांगली-मिरजेच्या वसतिगृहांतली, चिपळूणची, रत्नागिरीची अशी साठ-सत्तर मुलं यायची. सकाळी प्रार्थना आणि बायबलमधली गोष्ट, दुपारी खेळ, संध्याकाळी गाणी. बहुतेक मुलं ख्रिस्ती घरांतली असत, पण आसपासच्या वाड्यांतली इतर मुलंही येऊन बसत आणि त्यांना कुणी काही विचारत नसे.

गाणी शिकवायचा विनीत, नम्रताबाईंचा धाकटा भाऊ. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, पुढे त्याची नोकरी, त्याचं लग्न, सगळं नम्रताबाईंनी पाहिलं. त्यांचं स्वतःचं लग्न त्यात राहून गेलं आणि त्याबद्दल त्यांनी कधी कुणापाशी तोंड उघडलं नाही. वडिलांची संगमेश्वर तालुक्यात थोडी भातशेती होती. विनीतच्या लग्नाच्या वेळी नम्रताबाईंनी आपला वाटा सोडून दिला आणि हक्कसोडपत्रावर सही केली. मला एकटीला शेत काय करायचंय, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून सातबाऱ्यावर एकट्या विनीतचं नाव होतं.

करोनानंतरच्या वर्षी चिंतामणराव वारले. त्यांच्या मुलांनी नम्रताबाईंना घरी बोलावून चहा दिला आणि बाग विकल्याचं सांगितलं. ते चांगले बोलले, पण जागा गेली ती गेलीच. त्या मे महिन्यातलं शिबिर चर्चच्या मागच्या अंगणात कसंबसं पार पडलं.

मग मंडळीने ठरवलं की आता स्वतःची जागा घ्यायची. दर शुक्रवारी संध्याकाळी विनीतच्या घरी प्रार्थना सुरू झाली. पैसे जमू लागले. एका निवृत्त नर्सने आपल्या बांगड्या आणून चर्चच्या पाळकांच्या हातात ठेवल्या. एक रिक्षावाला दर सोमवारची कमाई द्यायचा. मिरजेच्या वसतिगृहातल्या मुलींनी राख्या बनवून विकल्या. एवढं होऊनही रत्नागिरीच्या आसपासचे भाव ऐकले की ही रक्कम हास्यास्पद वाटायची. विनीत मात्र ठाम होता. त्याचा आवाज मोठा आणि गोड होता आणि तो प्रार्थना करायला लागला की लोक डोळे पुसायचे. देवाने जागा आधीच निवडून ठेवली आहे, आपल्याला फक्त तिच्यापर्यंत चालत जायचं आहे, असं तो म्हणायचा. नम्रताबाईंना त्या वर्षी आपल्या भावाचा फार अभिमान वाटला.

दोघं भावंडं सुट्टीच्या दिवशी जागा बघत फिरायची. अकरा जागा बघून झाल्या. बारावी जागा रावजींची होती.

तळेकोंड ही संगमेश्वरपासून आत, घाटाच्या अंगाला असलेली पंचवीस घरांची वाडी. निम्म्या घरांना वर्षभर कुलूप असायचं. रावजी सत्तरी ओलांडलेले. त्यांची उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत गेली, आणि निवृत्त झाल्यावर बायकोला, गंगाला घेऊन ते परत आले. वाडीच्या वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, त्यांची तीन एकर जमीन होती. बरीचशी कातळच, पण एका बाजूला चांगली माती, आंब्याची जुनी झाडं आणि एप्रिलपर्यंत टिकणारा झरा. नम्रताबाई त्या झऱ्यापाशी बराच वेळ बसल्या. कातळ पाणी कसं धरून ठेवतो आणि ते कुठून बाहेर पडतं, हे त्यांनी वर्गात शेकडो वेळा फळ्यावर काढलं होतं.

रावजींनी शिबिराची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि किती पोरं येतील ते विचारलं.

"साठ-सत्तर," नम्रताबाई म्हणाल्या.

"आणि दर सालाला?"

"दर वर्षी."

रावजींनी आंब्यांकडे पाहिलं. मग म्हणाले की वाडीची शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली. शेवटी दोनच पोरं उरली होती, त्यांना खालच्या गावात पाठवलं. सड्यासाठी पुण्याचा एक दलाल तीनदा येऊन गेला होता. त्याने सांगितलेला आकडा त्यांनी लपवला नाही. आणि मग त्या आकड्याच्या चौथ्या हिश्शात जमीन द्यायला ते तयार झाले. दलाल तिथे बंगल्यांचे प्लॉट पाडणार होता. रावजींना सड्यावर पोरं हवी होती. कारण एवढंच.

निघताना गंगाकाकींनी नम्रताबाईंना बाजूला घेतलं. त्यांनी सांगितलं की रावजी आता बदलायचे नाहीत, पण मुंबईला असलेल्या दादूला, म्हणजे त्यांच्या मुलाला, हे आवडणार नाही. त्याला दलालाच्या पैशांतून डोंबिवलीचं घर मोठं करायचं होतं. नम्रताबाईंनी विचारलं की मग थांबू या का? काकी म्हणाल्या, "जमीन त्यांची हाय. मला फक्त तुमाला सांगून ठेवायचं होतं."

परतीच्या वाटेवर विनीतने गाडी कडेला थांबवली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडला. नम्रताबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी त्याचं रडणं खरं होतं, असं त्यांना आजही वाटतं.

अडचण कागदाची निघाली. शेतजमीन मंडळीच्या ट्रस्टच्या नावावर घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्याला किती वर्षं जातील हे कुणी सांगू शकत नव्हतं. तोवर रावजींचं मन बदललं तर, त्यांना काही झालं तर, दादू मध्ये पडला तर? जागेसाठी नेमलेल्या समितीत कुणीतरी मार्ग सुचवला. आपल्यातला जो शेतकरी आहे त्याच्या नावावर आत्ता खरेदी करू, परवानगी आली की ट्रस्टच्या नावावर फिरवून घेऊ. समितीत सातबारा असलेला माणूस एकच होता, विनीत. स्वरूप नावाचे निवृत्त कारकून समितीत होते. ते म्हणाले की निदान विनीतकडून काहीतरी लिहून घेऊ या. तेव्हा खोलीत थोडी चुळबुळ झाली. विनीत मान खाली घालून बसला होता. नम्रताबाईच पुढे झाल्या.

"स्वरूपभाऊ, तो माझा भाऊ आहे," त्या म्हणाल्या.

तो विषय तिथेच संपला.

खरेदीखताच्या दिवशी रावजींनी नम्रताबाईंना कार्यालयाच्या पायरीवर विचारलं की कागदावर विनीतचं नाव कसं? नम्रताबाईंनी समजावून सांगितलं की हे नाव फक्त कागदापुरतं आहे, जमीन मुलांचीच आहे. रावजी म्हणाले, "तुमी सांगता म्हंजे झालं," आणि आत जाऊन सही केली.

पुढच्या मे महिन्यात सड्यावर पहिलं शिबिर झालं. आंब्यांच्या सावलीत मांडव घातला होता. रावजी रोज सकाळी यायचे, मागे एका दगडावर बसायचे आणि प्रार्थना सुरू झाली की टोपी काढून मांडीवर ठेवायचे. गंगाकाकी मुलांसाठी कुळथाचं पिठलं करून आणायच्या. वाडीतल्या बायकासुद्धा येऊन उभ्या राहायच्या. शेवटच्या दिवशी पाळकांनी जागेसाठी उपकारस्तुती केली. देवाने रावजींच्या हातून हे दान दिलं असं ते म्हणाले, तेव्हा रावजी संकोचून उठले आणि गुरं सोडायची आहेत म्हणून निघून गेले. दादू मात्र त्या वर्षी गणपतीला घरी आला नाही. कोकणातल्या घराला मुलगा गणपतीला येत नाही म्हणजे काय, हे नम्रताबाईंना सांगावं लागलं नाही. त्या मुद्दाम तळेकोंडला जाऊन आल्या. रावजींनी झऱ्याला अजून किती पाणी आहे तेवढं सांगितलं.

पुढच्या वर्षी दुसरं शिबिर झालं. परवानगीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जात होता. डिसेंबरात कार्यालयाने ताजा सातबारा मागितला. नम्रताबाई घराजवळच्या सेवा केंद्रात गेल्या. तिथे सावनी नावाची मुलगी बसायची, त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिने गट नंबर टाकला, उतारा काढला आणि हातात देण्याआधी पुन्हा एकदा वाचला.

"बाई, गट नंबर बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

नंबर बरोबर होता. फक्त मालकाच्या रकान्यात विनीत साळवी या नावाला आडवी रेघ मारलेली होती आणि त्याच्या खाली पुण्याच्या एका कंपनीचं नाव होतं. फेरफार सहा आठवड्यांपूर्वीचा होता.

नम्रताबाईंना पहिल्यांदा वाटलं की ही नोंदीतली चूक आहे. अशा चुका होतात. कंपनीने खोटे कागद केले असतील, विनीतला सावध केलं पाहिजे, असा विचार करतच त्या रिक्षात बसल्या. त्याच्या दारात पोचेपर्यंत त्या तलाठ्याकडे कोणती तक्रार द्यायची याचा मजकूर मनात जुळवत होत्या.

दार विनीतच्या बायकोने, मालिनीने उघडलं. नम्रताबाईंच्या हातातला कागद बघून ती नजर चुकवून आत गेली आणि तेव्हा त्यांना कळलं की चूक नाही.

विनीत जेवत होता. त्याने हात धुतला, समोर येऊन बसला. तो घाबरलेला नव्हता. कधीतरी हे होणार आणि तेव्हा काय बोलायचं, याची त्याने तयारी केली होती. मंडळीने जेवढे पैसे दिले होते तेवढे सगळे तो परत करणार होता. चेक लिहून तयार होता. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. वरची जी रक्कम होती ती त्याची, कारण जमीन त्याच्या नावावर होती, कर त्याने भरला होता, कार्यालयाच्या खेपा त्याने घातल्या होत्या. शिबिराला दुसरी एखादी जागा बघता येईल. मुलांना काय, कुठेही खेळतात.

नम्रताबाईंनी एकच विचारलं, "तू असं का केलंस?"

मग मात्र तो तयारीतलं बोलला नाही. त्याचा आवाज बदलला. तो म्हणाला, "ताई, वीस वर्षं मी पेटी वाजवली. लोक तुझं नाव घेतात. मी कोण? ताईचा भाऊ. तो पुण्याचा दलाल माझ्याकडे आला त्याच्या तीन दिवस आधी मी देवापाशी मागितलं होतं, की मलाही काहीतरी दे. रावजींनी तुला दिलं तेव्हा ती देवाची कृपा. मला मिळालं की लगेच चोरी?"

हा माणूस तयारीनिशी नव्हे, मनापासून बोलत होता आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. गाडीत रडताना, शुक्रवारी संध्याकाळी डोळे मिटून उभा असताना तो देवाशी नक्की काय बोलत होता, हे त्यांना कधीच ठाऊक नव्हतं. त्याला लहानपणी प्रार्थना करायला त्यांनीच शिकवलं होतं. जेवायच्या आधी दोन हात जोडायचे, आणि जे हवं ते सांगायचं.

"आणि रावजींना मी काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"त्यांना त्यांची किंमत मिळाली," विनीत म्हणाला.

नम्रताबाई उठल्या. मालिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

समितीची बैठक पाळकांच्या घरी झाली. वकिलांनी सांगितलं की दावा लावण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या नावावर जमीन घेतली हेच आधी आपल्याला कबूल करावं लागेल आणि कायद्याच्या दृष्टीने तेच चूक होतं. मग पाळक म्हणाले की पैसे परत येत आहेत ही कृपाच समजावी, न्याय देवावर सोपवावा, आणि देणगीदारांना जागेत कायदेशीर अडचण आली एवढंच कळवावं. मंडळीत फूट पडायला नको. बहुतेकांनी माना डोलावल्या. विनीतच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात याच चर्चमध्ये होतं, आणि निम्म्या खोलीला आमंत्रण होतं. नम्रताबाईंना सगळ्यात जास्त राग आला तो या माना डोलावण्याचा. विनीत निदान स्वतःसाठी खोटं वागला होता. हे लोक कशासाठी वागत होते?

त्यांनी सांगितलं की नर्सबाईंना, रिक्षावाल्याला आणि मिरजेच्या मुलींना त्या स्वतः पत्र लिहिणार आणि त्यात खरं काय ते लिहिणार. पाळकांनी नम्रपणे विचार करायला सांगितलं. स्वरूप तेवढे उठून उभे राहिले आणि म्हणाले की पाकिटांवर पत्ते घालायला ते येतील. मी म्हणालो होतो, असं ते म्हणू शकले असते. ते म्हणाले नाहीत.

पत्रं लिहायच्या आधी तळेकोंडला जायला हवं होतं. रावजींना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

त्या पोचल्या तेव्हा रावजी खळ्यात कुळीथ झोडत होते. नम्रताबाईंना बघून त्यांनी काठी खाली ठेवली, गंगाकाकींना पाणी आणायला सांगितलं. नम्रताबाईंनी पाणी घेतलं नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लिहून घेऊ या असं स्वरूप म्हणत होते आणि आपणच नको म्हणालो, हेही सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर रावजी खळ्याच्या कडेला बसले.

मग ते म्हणाले, "बाई, मी तुमच्या भावाला वळखत नाय. त्यानं मला फसवलं असं मी कसं म्हणू? मी जमीन तुमाला दिली. पायरीवर तुमाला इचारलं."

नम्रताबाई म्हणाल्या, "हो. मला विचारलंत."

"दलालाला दिली असती तर दादू घरी आला असता. पैसं मिळालं असतं. आता तितं बंगलंच व्हणार, आणि पोरगाबी गेला." ते रागावून बोलत नव्हते. हिशेब लागत नसलेल्या माणसासारखे ते एकेक गोष्ट पुढे ठेवत होते. "दादूनं मला सांगितलं व्हतं, आबा, ही लोकं गोड बोलून घेतील. मी त्याला म्हटलं, ती शाळेतली बाई हाय."

गंगाकाकींनी पदराने तोंड पुसलं. नम्रताबाईंनी क्षमा मागितली. रावजींनी ती मागू दिली, पण दिल्याचं काही बोलले नाहीत. काठी उचलून म्हणाले, "परत येऊ नका. आलात तर मला बोलावं लागतं."

नम्रताबाई वाडीतून खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसल्या. एसटीला वेळ होता. विनीतच्या घरी, समितीत, कुठेही त्यांना रडू आलं नव्हतं. इथे आलं. आपण फसलो म्हणून नव्हे. त्या आतापर्यंत स्वतःला फसवले गेलेल्यांत मोजत होत्या, आणि रावजींनी एका वाक्यात त्यांना उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं होतं.

फेब्रुवारीत सड्यावर जेसीबी आला. वाडीतल्या धाकूने, ज्याने दोन्ही वर्षं शिबिराचा मांडव घातला होता, फोन करून सांगितलं की आंब्याची झाडं पडली, झऱ्यावर माती लोटली. रावजी त्या दिवसापासून सड्याच्या बाजूला जात नाहीत, गुरं दुसऱ्या वाटेने नेतात. नम्रताबाईंनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

विनीतच्या मुलीच्या लग्नाला त्या गेल्या नाहीत. भाचीसाठी घेतलेली साडी त्यांनी पोस्टाने पाठवली. पत्रं गेली, त्यांची उत्तरंही आली. नर्सबाईंनी लिहिलं की परत आलेले पैसे त्यांना नकोत, शिबिरासाठीच ठेवा. रिक्षावाल्याने पैसे परत घेतले आणि चर्चला येणं बंद केलं. त्या वर्षी मे महिन्यात शिबिर झालं नाही. नम्रताबाई उपासनेला जात, मागच्या बाकावर बसत. घरी प्रार्थनेला बसल्या की मात्र त्यांना शब्द सुचत नसत. डोळे मिटले की विनीतचा आवाज ऐकू येई आणि आपण मागतोय ते नक्की कशासाठी, अशी स्वतःचीच शंका येई.

गणपती झाल्यावर एके दिवशी गंगाकाकी एसटीने रत्नागिरीला आल्या, पत्ता विचारत विचारत. पिशवीत काकड्या आणि पडवळं होती. त्या यापूर्वी नम्रताबाईंच्या घरी कधी आल्या नव्हत्या. चहा झाला. मग त्यांनी सांगितलं की वहाळाकडेला, म्हणजे वाडीच्या ओढ्याकाठी, वीस गुंठे जमीन त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. काजूच्या बिया विकून विकून त्यांनी ती घेतली होती. शिबिराला पुरेल का?

नम्रताबाईंना वाटलं की आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी विचारलं, "रावजीकाकांना माहीत आहे?"

"सांगितलंय. व्हय म्हणाले नायत, नायबी म्हणाले नायत." काकी थोड्या थांबल्या. "त्यांचं त्यांच्यापाशी. मला माझं ठरवायला ते लागत नायत."

त्या क्षणी नम्रताबाईंना उठून त्यांचे हात धरायला हवे होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी धरले असते. त्याऐवजी त्यांच्या तोंडून निघालं की सातबारा आणला आहे का? दादूची लेखी संमती मिळेल का? जमिनीत सासरच्या कुणाचा हक्क निघणार नाही ना? एकामागून एक प्रश्न त्या विचारत गेल्या आणि गंगाकाकींचा चेहरा आक्रसत गेला. त्यांनी उत्तरं दिली, पण जाताना पिशवी घडी करताना म्हणाल्या, "मी काय मागायला आले नव्हते, बाई."

नम्रताबाईंना दारात उभं राहून लाज वाटली. पण प्रश्न त्यांनी मागे घेतले नाहीत.

या वेळी कुणाच्याच नावाचा आडोसा घेतला नाही. आधी परवानगी, मग बक्षीसपत्र. स्वरूप दर पंधरा दिवसांनी कार्यालयात जाऊन बसायचे. सव्वा वर्ष लागलं. त्या काळात नम्रताबाईंनी काकींना तीनदा विचारलं की मन बदललं तर सांगा, काही बंधन नाही. तिसऱ्यांदा काकींनी विषयच बदलला.

बक्षीसपत्राच्या दिवशी देवरुखच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसून नम्रताबाईंनी संपूर्ण कागद काकींना वाचून दाखवला. जमीन मुलांच्या शिबिरासाठीच वापरायची, विकायची नाही, शिबिर बंद पडलं तर वाडीच्या सार्वजनिक कामाला द्यायची. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काकींनी कागदावर हात ठेवला.

"पुरे. मी ऐकलं."

"काकी, नीट कळायला हवं. उद्या कुणी—"

"मला कळलं. तुमालाच कळत नाय." त्या हळू बोलत होत्या, बाकावर इतर लोक होते म्हणून. "त्यांनी कागद न वाचता तुमच्यावर इस्वास ठेवला. मीबी ठेवला. तुमच्या भावानं तुमचा मोडला, तर तुमी माझ्यावर का काढता?"

नम्रताबाईंनी कागद मिटला. आत नाव पुकारलं गेलं आणि गंगाकाकी उठून गेल्या, सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

या मे महिन्यात वहाळाच्या काठी शिबिर झालं. चाळीसच मुलं होती, जागा तेवढीच होती. धाकूने मांडव घातला. पेटीवर नर्सबाईंची पुतणी बसली. तिला चार-पाचच गाणी येत होती, मुलांनी तीच पुन्हा पुन्हा म्हटली. रावजी आले नाहीत. दादू शिमग्याला येऊन गेला असं काकींनी सांगितलं, बाप-लेक बोलले की नाही ते सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाळक भेटायला आले. त्यांनी जागा बघितली, मुलांबरोबर जेवले आणि निघताना नम्रताबाईंना म्हणाले की विनीत फार एकटा पडला आहे, त्या पैशांतून घेतलेल्या नव्या घरात जाऊनही त्याला झोप लागत नाही. त्याला क्षमा केली असं दोन शब्दांत लिहून दिलं तरी चालेल, ते स्वतः नेऊन देतील.

नम्रताबाई ताटं विसळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"लिहिलं तर ते खोटं होईल," त्या म्हणाल्या. "खरं होईल तेव्हा मी स्वतः जाईन."

पाळकांनी मान हलवली आणि ते गाडीकडे गेले. नम्रताबाईंनी उरलेली ताटं धुतली, उन्हात पालथी घातली आणि दुपारच्या खेळासाठी मुलांच्या दोन टोळ्या पाडायला गेल्या.